इंजिनाचे अनपेक्षित कंपन : वर्णन आणि निदान

मोटारीचे इंजिन हे स्वभावतःच कंप पावणारे यंत्र होय. चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास ७५० फेऱ्यांच्या संथ गतीने चालू असता त्याचा क्रँकशाफ्ट सेकंदास १२.५ वेळा फिरतो, आणि दर फेरीस दोन याप्रमाणे सेकंदास २५ स्फोट होतात. हे कंपन सम असल्यामुळे व रबरी आधारांवर बरेचसे जिरून जात असल्यामुळे बसणाऱ्यास त्याची जाणीव राहत नाही. तेव्हा निदान करावयाचे ते कंपनाचे नव्हे, तर कंपनात पडलेल्या फरकाचे. आणि तो फरक प्रथम हाती येतो तो चालकाच्या शब्दांतून.

जळगावहून निघालेल्या एखाद्या गाडीत एरंडोल मागे टाकून पारोळ्याकडे जाताना असा फरक जाणवू लागला, असे समजू. धुळ्यास गॅरेजात शिरताच चालक सांगतो, "गाडी व्हायब्रेट होते." हे वाक्य खोटे नाही, परंतु निदानाच्या दृष्टीने ते जवळजवळ रिकामे आहे. 'व्हायब्रेशन' या एका उसन्या शब्दाने जे सारे एकत्र केले, ते मराठीने निरनिराळ्या शब्दांत वाटून ठेवले होते. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त (१९११) अनुकरणवाचक शब्दांचा विचार आहे. त्या वर्गातील शब्द येथे उपयोगी पडतात. 'थरथर' हे वस्तुतः ध्वनीचे नव्हे, हालचालीचे नाव. ती बारीक, जलद व अखंड असते. 'खडखड' म्हटले की सैल झालेला कठीण भाग कशावर तरी आपटत असल्याची कल्पना येते. 'घरघर' हा जात्याचा शब्द. फिरत्या भागाचे घर्षण, उदाहरणार्थ झिजलेले बेअरिंग, तो सुचवितो. 'गचके' मात्र तुटक व विषम असतात. धुळ्यास सुरत–नागपूर व मुंबई–आग्रा हे मार्ग मिळत असल्यामुळे तेथील कारागिराला अहिराणी, मराठी, गुजराती व हिंदी बोलणारी माणसे भेटतात. 'थरथर' हा शब्द हिंदी-गुजरातीतही चालतो, ही त्याची सोयच म्हणावयाची. "काय व्हयनं?" या प्रश्नाला "गाडी थरथर करस" असे उत्तर आले, तर निम्मे काम झाले.

निम्मेच, कारण शब्दाने लय कळते, स्थान कळत नाही. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटर वेगात ते सेकंदास साधारण १२ वेळा फिरते. म्हणजे या वेगातील असंतुलित चाक आणि उभ्या गाडीतील संथ इंजिन यांची लय जवळपास एकच! शरीराला ती वेगळी ओळखू येणे कठीण. म्हणून जाणता कारागीर 'कसे' याच्या पाठोपाठ 'केव्हा' हे विचारतो. त्याच वेगात गाडी पाचव्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये चालवावी. इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही कंपन तसेच राहिले, तर दोष चाकांकडे, म्हणजे बॅलन्सिंग, टायर वा रिम यांत शोधावा. गिअर बदलताच ते बदलले, तर इंजिनाकडे वळावे. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावरही ते येत असेल, तर चाकांचा प्रश्नच उरत नाही.

येथे एक चूक वारंवार घडते. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते त्यांस गॅरेजात 'फाउंडेशन' म्हणतात. संथ गतीत गाडी हादरू लागली की फाउंडेशन बसले असे ठरवून ते बदलले जाते. खानदेशातील उन्हाळा व इंजिनाची स्वतःची उष्णता यांमुळे रबर कडक होते, हे खरे; परंतु झिजलेले फाउंडेशन कंपन उत्पन्न करीत नाही, असलेले कंपन सांगाड्यात जाऊ देते. ते वाहक आहे, कारण नव्हे. फाउंडेशनचा दोष असल्यास लय समच राहते, केवळ जोर वाढतो. याउलट एक सिलिंडर निकामी झाल्यास दर दोन फेऱ्यांनी एक स्फोट गळतो, म्हणजे ७५० फेऱ्यांच्या गतीत सेकंदास सुमारे सहा वेळा. इंजिन लंगडू लागते. यालाच 'मिसिंग' म्हणतात. हा भेद चुकला तर खर्च वाया जातो एवढेच नव्हे. पेट्रोल गाडीत न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि तो महाग भाग अतितप्त होऊन नादुरुस्त होतो. अशा वेळी इंजिनाच्या खुणेचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी पुढे दामटणे हा निव्वळ अविचार होय.

दोषी सिलिंडर शोधण्याची जुनी रीत सोपी आहे. इंजिन संथ चालू ठेवून एकेका प्लगचा पुरवठा क्रमाने तोडावयाचा. चांगला सिलिंडर तोडला की लंगडणे वाढते, आणि ज्याच्या तोडण्याने काहीच फरक पडत नाही तोच निकामी. अलीकडच्या गाड्यांत विजेचा दाब मोठा असल्याने हे काम जाणकारानेच करावे. या गाड्यांत स्कॅनर तेच सांगतो : 'पी ०३०१' ते 'पी ०३०४' या संकेतांतील अखेरचा अंक सिलिंडरचा असतो. तथापि संकेत सिलिंडर दाखवितो, कारण दाखवीत नाही. मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर चढवून पाहावी. दोष तिच्यासोबत सरकला तर कॉइल बदलावी. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन या क्रमाने तपास करावा.