तांबड्या दिव्याखालून उठल्यावर

ब्यूटी पार्लरमधून तांबड्या प्रकाशाचे फेशियल करून निघालेल्या व्यक्तीचा चेहरा किंचित आरक्त दिसला, की ठपका बहुधा दिव्यावर ठेवला जातो. वस्तुतः सुमारे 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या प्रकाशात अतिनील किरणे नसल्यामुळे, उन्हाने करपावी तशी त्वचा त्याने करपत नाही. 1967 साली बुडापेस्ट येथे एन्द्रे मेस्टर यांना लेसरचा मंद झोत पाडलेल्या उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर केस लवकर उगवल्याचे आढळले, तिथून या विद्येचे दप्तर उघडले. पेशींतील तंतुकणिका हा प्रकाश शोषून ऊर्जानिर्मितीस वेग देतात, असा आजचा प्रमुख तर्क आहे.

खरी नाजूक अवस्था येते ती दिव्यापूर्वीच्या घासण्यापुसण्याने. स्क्रबने किंवा आम्लयुक्त लेपाने मृत पेशींचा वरचा थर उतरला, की त्वचा शाकारणीसाठी कौले उतरवलेल्या घरासारखी होते: आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे दाहक पदार्थ बिनदिक्कत आत शिरतात. म्हणून एक-दोन दिवस रेटिनॉल, सुगंधी द्रव्ये आणि आपल्याकडचे ते लाडके लिंबू यांना सक्त मज्जाव असावा. कोमट पाणी व साधे ग्लिसरीनयुक्त मॉइश्चरायझर पुरे, मग पार्लरवाल्या बाईंनी बाटल्यांची कितीही लांब यादी हाती दिलेली असो.

उन्हाची गोष्ट मात्र निराळी. सावळ्या वर्णात दाहानंतर रंगद्रव्य अधिक साचते आणि काळे डाग महिनोन् महिने हटत नाहीत. तेव्हा किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, आणि लाली दोन दिवसांत न ओसरल्यास त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे.