वचनातून प्रार्थना, प्रार्थनेतून प्रीती

पूर्णाकाठच्या जाफराबाद तालुक्यात संध्याकाळी हरिपाठ म्हणणारा माणूस आपण दुसऱ्याचे शब्द उसने घेतले आहेत असे मानत नाही. शतकांपूर्वीचे ते शब्द ओठांवर येताच त्याचे स्वतःचे होतात. ख्रिस्ती श्रद्धेतही अशीच एक जुनी रीत आहे: पवित्र शास्त्रातले वचन वाचायचे, त्यावर मनन करायचे आणि तेच वचन प्रार्थना म्हणून देवापुढे मांडायचे. देवाची प्रीती ‘आहे’ असे मानणे आणि ती अनुभवणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर कापायला केवळ उत्कट भावना पुरत नाही आणि केवळ अभ्यासही पुरत नाही. दोन्हींना जोडणारी वाट वचनातून केलेली प्रार्थना दाखवते, आणि मराठी ख्रिस्ती परंपरेने ती वाट आपल्या ओवी-अभंगांच्या मातीतून घडवली, असे माझे प्रतिपादन आहे.

या रीतीचा पहिला आधार शास्त्रातच मिळतो. मरीयेच्या स्तुतिगीतात, तिच्या कित्येक पिढ्या आधी होऊन गेलेल्या हन्नेच्या प्रार्थनेचे सूर ऐकू येतात. वधस्तंभावर येशूच्या मुखी बाविसाव्या आणि एकतिसाव्या स्तोत्रांतले उद्गार आले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात छळाला सामोरी जाणारी मंडळी दुसरे स्तोत्र प्रार्थनेत उच्चारते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल मागतो ते हेच, की ख्रिस्ताची बुद्धीपलीकडची प्रीती वाचकांना कळावी. पुढे बाराव्या शतकात दुसरा गिगो या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या मांडल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड हवी असे सर्वच कॅथलिक भाविकांना सांगितले. मठातली साधना अशी घराघरात आली.

मराठीत हे काम भाषेच्या अंगाने झाले. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि वाचायला, ऐकायला त्यांना काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीत बांधून दिली. त्या काळच्या गोव्यातील सक्तीची सावली या ग्रंथावर आहे, हे विसरू नये. तरीही त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: ज्या छंदात माणूस देवाला आळवायला शिकला, त्याच छंदात वचन त्याच्या अंतःकरणात उतरते. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुजले आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे त्यातले अग्रणी ठरले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत शास्त्र कानांवाटे पोहोचले आणि पाठांतराने टिकले. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्यात काम उभारले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत वसली. जाफराबादच्या वाचकासाठी हा इतिहास परका नाही, आपल्याच जिल्ह्याचा आहे.

अंतर कसे कापले जाते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ती धर्म मिळाला तरी स्वतः ख्रिस्त मिळायचा राहिला होता, तो काही वर्षांनी मिळाला, असे त्यांनी आपल्या साक्षीत स्पष्ट केले आहे. विद्वत्ता त्यांच्याकडे आधीपासून होतीच. उणीव होती ती वचन स्वतःला उद्देशून आहे असे मानून त्याला उत्तर देण्याची. हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी त्यांनी अखेरची वर्षे वेचली, त्याचे मोल येथे कळते. साध्या बाईला समजेल अशा भाषेत वचन आले, तरच तिला ते प्रार्थना म्हणून उच्चारता येईल. १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला, तेव्हा हे काम पुरे होत आले होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बाबतीत १८९३ मधल्या रेल्वेप्रवासात हाती आलेला नवा करार आणि त्यातले डोंगरावरील प्रवचन निर्णायक ठरले. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानत. त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायली जातात.

यावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की ठरावीक शब्दांची पुनरावृत्ती यांत्रिक होते. येशूनेच पोकळ बडबडीविरुद्ध सावध केले आहे. पण त्याच अध्यायात त्याने शिष्यांना शब्दबद्ध प्रार्थनाही शिकवली. दोष पुनरावृत्तीत नाही, लक्ष नसण्यात आहे. दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाचा: मनात जे नाही ते उसन्या शब्दांत का म्हणावे? स्तोत्रसंहितेकडे पाहा. तिच्यातल्या १५० स्तोत्रांत आनंद आहे, तसा संताप आणि तक्रारही आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शोकात मुका झालेल्या माणसाला ते स्तोत्र बोलायला शब्द देते. आपली भावना तेवढीच खरी धरली, तर प्रार्थना आपल्या लहरीच्या कुंपणात अडकते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. वचन संदर्भातून तोडून हवे ते पदरात पाडून घेण्याची सवय लागते. शास्त्रातच याचा इशारा आहे: रानातील परीक्षेत सैतानही एक्याण्णवावे स्तोत्र उद्धृत करतो आणि येशू त्याला ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचनानेच उत्तर देतो. म्हणून मननाआधी वाचन हवे, एका ओळीआधी अख्खा अध्याय हवा आणि एकट्याच्या समजुतीला मंडळीची सोबत हवी. चौथा आक्षेप असा, की प्रीतीच्या अनुभवात रमणारा माणूस दुष्काळ, जात, अन्याय यांकडे पाठ फिरवील. काही ठिकाणी हे घडलेही आहे. पण हन्नेची आणि मरीयेची गीते गर्विष्ठांना खाली आणून दीनांना उचलणाऱ्या देवाची आहेत. ती मनापासून म्हणणाऱ्याला शेजाऱ्याच्या उपासमारीकडे डोळेझाक करता येत नाही. रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळपीडित मुली-विधवांना आसरा दिला, तो याच श्रद्धेच्या बळावर.

म्हणूनच या साधनेची कसोटी त्या घटकेच्या गोडव्याने लागत नाही. वचन रोज थोडे, सावकाश, आपल्या बोलीत म्हटले तर आपण प्रीतीची मागणी करणारे उरत नाही, ती आधीच मिळाली आहे हे ओळखणारे होतो. असे ओळखलेल्या माणसाची क्षमा करण्याची, देण्याची आणि अन्यायाला विरोध करण्याची ताकद वाढलेली दिसली पाहिजे. ती वाढत नसेल, तर त्याने भावना बदलण्याच्या खटपटीत न पडता पुन्हा वाचनापासून सुरुवात करावी.