पूर्वचाचणी : पेरणीपूर्वींचा वाफसा

पाऊस पडला म्हणून जाणता शेतकरी त्याच दिवशीं पेरणीस हात घालीत नाहीं. तो प्रथम रानांत जातो, मूठभर माती हातांत दाबून पाहतो, आणि वाफसा आला असेल तरच बीं जमिनींत टाकतो. मालेगांव तालुक्यांतील मुलांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको. परंतु शेताचा हाच नियम विद्येलाहि लागू आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नवा पाठ सुरू करण्यापूर्वीं विद्यार्थ्यांस त्या विषयाचें काय येतें आणि काय येत नाहीं, हें पाहण्यासाठीं जी छोटी चाचणी घेतात, तिला पूर्वचाचणी म्हणतात. ती कशी घ्यावी व तिचा उपयोग काय, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

ही कल्पना अगदीं नवी नाहीं. नवें ज्ञान जुन्या ज्ञानाशीं जोडलें गेलें तरच तें मनांत ठरतें, असें जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) यांचें मत होतें. त्यांच्या अनुयायांनीं पाठाच्या पांच पायऱ्या ठरविल्या. त्यांपैकीं पहिली पायरी पूर्वतयारीची. पाठाच्या टाचणांत शिक्षक 'पूर्वज्ञान' असा मथळा घालतात, तो याच विचारपरंपरेंतला. पुढें १९६८ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनींहि, विद्यार्थ्यास आधीं काय ठाऊक आहे ही शिक्षणांतील सर्वांत महत्त्वाची बाब होय, असें प्रतिपादन केलें. तथापि 'विद्यार्थ्यांस अमुक माहीत आहे' असें टाचणांत लिहिणें सोपें. तें खरोखर माहीत आहे कीं नाहीं, हें विचारून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. दशांश अपूर्णांकांचा पाठ शिकवावयाचा आहे. त्यापूर्वीं '०.५ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती?' असा प्रश्न विचारला, तर कित्येक मुलें ०.२५ असें उत्तर देतात; कारण पंचवीस हे पांचापेक्षां अधिक, एवढेंच त्यांस ठाऊक असतें. तसेंच ५२ मधून ३८ वजा करतांना कांहीं मुलें १४ ऐवजीं २६ लिहितात. तीं मुलें आळशी नसतात. प्रत्येक स्तंभांत लहान अंक मोठ्या अंकांतून वजा करावयाचा, असा चुकीचा नियम तीं मोठ्या निष्ठेनें पाळीत असतात. चुकीचें उत्तर असें बोलकें असतें. चूक कोठें रुजली आहे, तें तेंच दाखवितें.

पूर्वचाचणी मोठी असूं नये. आठ-दहा प्रश्न व पंधरा-वीस मिनिटें पुरेत. कांहीं प्रश्न पाठास लागणाऱ्या मागील ज्ञानावर असावेत, कांहीं खुद्द नव्या पाठावर, आणि एखादा त्याहून पुढचा. पाटीवर उत्तर लिहून सर्वांनीं एकदम पाटी वर धरली, तरी काम भागतें. नंतर मुलांचे क्रमांक न लावतां प्रश्नवार मोजणी करावी. समजा, चाळीस मुलांच्या वर्गांत स्थानिक किंमतीचा प्रश्न पस्तीस जणांनीं सोडविला, पण वरील लहानमोठेपणाचा प्रश्न केवळ बारा जणांनीं. मग पहिला भाग सर्व वर्गास पुन्हां शिकविण्यांत वेळ न घालवितां पांच मुलांस तेवढा वेगळा समजावून द्यावा. आणि दुसरा भाग मात्र सर्वांसाठीं मुळापासून घ्यावा. पाठ संपल्यावर आंकडे बदलून तेच प्रश्न पुन्हां विचारले, म्हणजे किती प्रगति झाली तेंहि कळतें.

पूर्वज्ञान म्हणजे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. आमच्या गांवांत कोणाच्या घरीं यंत्रमाग चालतो, तर कोणाच्या शेतांत कांदा पिकतो. कोणी घरीं उर्दू बोलतो, तर कोणी अहिराणी. अर्धा मीटर कापड पाव मीटरापेक्षां जास्त, हें विणकराच्या मुलास शिकवावें लागत नाहीं. ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर आणि ०.२५ मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर, एवढें दाखविलें कीं मघांचें कोडें सुटतें. कांद्याचा भाव क्विंटलास १,२५० रुपये असल्यास एक किलो साडेबारा रुपयांस पडतो, हें तोंडीं सांगणारें मूल १२.५० हा आंकडा पाहून अडखळत असेल, तर त्यास गणित येत नाहीं असें नव्हे. त्यास लिहिण्याची रीति हवी आहे. हा भेद पूर्वचाचणींत तोंडी प्रश्न घातल्यासच उघड होतो.

महाराष्ट्रांत या विचारास मोठ्या प्रमाणावर स्थान मिळालें आहे. 'प्रथम' या संस्थेनें २००५ सालीं 'असर' ही पाहणी सुरू केली. तींत मूल कोणत्या इयत्तेंत आहे हें बाजूस ठेवून त्यास अक्षरें, शब्द, सोपा परिच्छेद व गोष्ट वाचावयास देतात, आणि अंकओळख, हातच्याची वजाबाकी व भागाकार करावयास सांगतात. राज्य शासनाच्या २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमांत पायाभूत चाचणी आली. पुढें साथीमुळें शाळा बंद राहिल्यावर २०२१ सालीं ४५ दिवसांचा सेतु अभ्यासक्रम योजण्यांत आला, तो मागील इयत्तेचें सुटलेलें ज्ञान भरून काढण्यासाठींच.

विद्यार्थीमित्रहो, या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकांत जावयाचे नसतात. शेजाऱ्याचें पाहून लिहिलेलें बरोबर उत्तर येथें नुकसानच करितें. कारण तुम्हांस तें येतें असें समजून शिक्षक पुढें जातात आणि तुम्ही मागें राहतां. येत नसेल तर आधीं विचार करून अंदाज लिहावा, आणि तोहि नसेल तर जागा कोरी ठेवावी. अंदाज चुकला तरी तो वायां जात नाहीं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या रिचलंड, कॉर्नेल व काओ यांच्या प्रयोगांत, वाचण्यापूर्वीं प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न करून चुकलेल्या विद्यार्थ्यांस, वाचनास अधिक वेळ मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षां नंतर अधिक आठवलें.

पालकांसहि एक विनंति आहे. पूर्वचाचणींत मुलास दहापैकीं तीन प्रश्न आले, म्हणून त्यास रागें भरूं नये, अथवा 'ढ' म्हणूं नये. त्या दिवशीं घरीं धाक बसला, तर पुढच्या वेळीं मूल आपलें अज्ञान लपवावयास शिकेल. आणि लपलेलें अज्ञान कोणताहि शिक्षक दूर करूं शकत नाहीं. 'किती गुण मिळाले?' असें विचारण्याऐवजीं 'कोणता प्रश्न अडला?' असें विचारावें. अडलेला प्रश्न जो मोकळेपणानें सांगतो, त्याच्या शिक्षणास योग्य ठिकाणाहून आरंभ करतां येतो.