पाच मिलि म्हणजे नेमकं किती?

पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे रस्त्यापासून गोव्याची वाट वेगळी होते. औषधाच्या बाटल्यांचंही तसंच आहे: लेबल न वाचता निघालं की भलतीकडेच पोहोचतो.

तापासाठी मुलांना पॅरासिटामॉल देतात. त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या मुलाला 100 ते 150. वजन अंगणवाडीच्या कार्डावर सापडेल. खरी गफलत बाटलीत होते. 5 मिलि सिरपमध्ये कुठे 120 किंवा 125, कुठे 250 मिलिग्रॅम औषध असतं. तान्ह्यांच्या थेंबांत मात्र बहुधा 1 मिलितच 100. ते थेंब सिरप समजून 5 मिलि पाजले, तर 500 मिलिग्रॅम पोटात जातात! जास्तीचं औषध यकृताला इजा करतं आणि पहिल्या दिवशी मूल ठणठणीतही दिसू शकतं. म्हणून चूक लक्षात येताच बाटली घेऊन रुग्णालय गाठा.

स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा. दोन मात्रांत किमान 4 ते 6 तास, दिवसभरात जास्तीत जास्त 4 वेळा. वेळ कॅलेंडरवर लिहा, म्हणजे आईनंतर आजीकडून पुन्हा दिलं जाणार नाही. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा.

निमेसुलाइड या तापाच्या दुसऱ्या औषधाला 12 वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून भारतात बंदी आहे. ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नको, रक्तस्राव वाढतो.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर घरी औषध देत बसू नका. रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्या.