दगड नव्हते भाईजान

अब्बांचा जनाजा निघाला त्या दिवशी माझे भाईजान ओट्यावर बसून होते. डोळ्यांत टिपूस नाही, चेहरा कोरा. खाला म्हणाली, 'हा तर दगड झाला.' त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात ताट पडलं, तेव्हा मात्र हेच भाईजान घामानं निथळले आणि दोन रात्री झोपले नाहीत. त्यांना स्किझोफ्रेनिया आहे हे आम्हांला ठाऊक होतं. पण बापाच्या मरणानं न हललेला माणूस ताटाच्या आवाजानं कसा हादरतो, हे कोडं मला पुष्कळ वर्षं सुटलं नव्हतं. मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या कोड्यापायी वाचलं, जाणकारांना विचारलं. तेच आज सांगतो.

ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो. ती पुढं मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कळवते आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. रक्तात साखर वाढते, शरीर सज्ज होतं. काम झालं की हेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' म्हणून सांगतं. (कविसंमेलनात नाव पुकारताच माझे तळहात ओले होतात, ते काम याहून चपळ अशा मज्जातंतूंचं. कॉर्टिसॉल मागाहून येतं.)

हे मोजायचं कसं? जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. निर्विकार परीक्षकांपुढं पाच मिनिटं बोलायचं, मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. १००९, ९९६... पुढं माझं तरी अडतं. मधूनमधून लाळेतलं कॉर्टिसॉल तपासतात. निरोगी माणसात ते बहुधा चांगलंच चढतं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत बऱ्याच अभ्यासांत ते कमी चढलेलं दिसलं. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात येणारी कॉर्टिसॉलची उसळीही त्यांच्यात अनेकदा मंद असते. एरवीची पातळी मात्र सरासरीनं थोडी जास्तच.

मग काय, ताण जाणवतच नाही? इथंच खरी गोम आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी रुग्णांना दिवसातून अनेकदा वाजणारं घड्याळ दिलं. वाजलं की त्या क्षणी काय चाललंय, मन कसं आहे, ते वहीत लिहायचं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की किरकोळ कटकटींनीही रुग्णांचं मन इतरांपेक्षा जास्त ढवळून निघतं.

मन ढवळलेलं आणि ग्रंथी गप्प! सदा ताणाखाली राहून ही यंत्रणा थकत असावी, असा एक अर्थ लावतात. तिला लगाम घालणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस या आजारात सरासरीनं थोडा लहान आढळतो. औषधांचाही परिणाम असतो. अर्थात हे सारं सरासरीचं बोलणं. लाळ तपासून कुणाचा आजार ठरत नाही.

मला सर्वांत लागलं ते मात्र निराळंच. लंडनमधल्या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं, की घरात सतत टीका, चिडचिड किंवा अतिकाळजी असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ नव्हे. मग १९७९ मध्ये निक टॅरियर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन त्वचेतली घामाची सूक्ष्म हालचाल मोजली. शांत स्वभावाचा नातेवाईक खोलीत आला की ती हळूहळू निवायची. टोकणारा आला की चढलेलीच राहायची. चेहऱ्यावर काही दिसो न दिसो, कातडी बोलत होती.

अब्बांनंतर घरात टोकणारा मीच होतो. 'गोळी घेतली का? आंघोळ का नाही केली?' दिवसातून वीसदा, दारात उभं राहून. प्रेमानंच, पण दार अडवून.

हे वाचल्यावर दारात उभं राहणं सोडलं. आता चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. कधीकधी भाईजान कप घेऊन शेजारी येऊन बसतात.