एक सर्व्हर, वीस स्क्रीन: आधी कुणाचं काम?

आपल्या शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा ट्रस्टच्या सेंटरवर प्रत्येक टेबलासाठी वेगळा कॉम्प्युटर घेणं सगळ्यांनाच परवडत नाही. त्यावर एक उपाय आहे. टेबलावर फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आणि एक छोटा डबा ठेवायचा. खरं काम आतल्या एका मोठ्या मशीनवर चालतं. त्या मशीनला टर्मिनल सर्व्हर म्हणतात.

अडचण येते ती गर्दीच्या वेळी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते, मुलं-मुली फॉर्म भरत असतात, आणि कुणीतरी मोठा व्हिडिओ एडिट करायला घेतो. सगळ्यांचे स्क्रीन अडकतात. आपण म्हणतो, "नेट स्लो आहे." पण पुष्कळदा दोष नेटचा नसतो, वाटणीचा असतो.

वाटणी होते कशी?

सर्व्हरकडे वाटायला चार गोष्टी असतात: प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. वेगळा नियम नसेल तर प्रोसेसर माणसं मोजत नाही, चालू असलेली कामं मोजतो. ज्याने दहा प्रोग्राम पळवले त्याला दहा वाटे, आणि जी मुलगी एकच फॉर्म भरतेय तिला एक!

म्हणून वाटणी आधी माणसांमध्ये करायची आणि मग ज्याच्या त्याच्या कामांमध्ये, अशी पद्धत आली. विंडोज सर्व्हर 2008 आर2 मध्ये प्रोसेसरसाठी ही 'फेअर शेअर' सोय आली. 2012 च्या आवृत्तीत डिस्क आणि नेटवर्कसाठीही आली. यात प्रत्येक सेशनचा हक्क सारखा.

कुणाला जास्त द्यायचं असेल तर 'वजन' ठरवावं लागतं. लिनक्समध्ये प्रत्येकाचं प्रोसेसरसाठीचं वजन मुळात 100 असतं. फॉर्म भरणाऱ्याला 300 दिलं, तर ओढाताण झाली की त्याला तिप्पट वेळ मिळतो.

इथे एक गैरसमज होतो. वजन म्हणजे राखीव जागा नव्हे. दावतीत देग भरलेली असते तेव्हा कुणी चमचे मोजत नाही. कमी पडायला लागलं की वाढणाऱ्याला हिशोब ठेवावा लागतो. तसंच हे. 300 वजनाचा माणूस नुसता बसून असेल, तर त्याचा वेळ बाकीच्यांना मिळतो. वाया काही जात नाही.

नेटवर्कवरही क्रम असतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस यांना मुळात 70 टक्के वाटा असतो. प्रिंटिंग, फाइल कॉपी वगैरेंना 30 टक्के. त्यामुळे मोठी प्रिंट पाठवली तरी टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटत राहतं.

मेमरीचं काय?

प्रोसेसरचा वेळ क्षणाक्षणाला परत घेता येतो, मेमरी तशी घेता येत नाही. ती भरली की सर्व्हर डिस्कचा आधार घेतो, आणि मग वजन कितीही द्या, सगळेच रखडतात. म्हणून मेमरीला वेगळी कमाल मर्यादा घालावी लागते, आणि सर्व्हर घेताना पैसे आधी रॅमवर खर्च करावेत.

सेंटर चालवणाऱ्यांनी काय करावं?

• अर्ज, परीक्षा आणि अभ्यासासाठी वेगळा ग्रुप करून त्याला जास्त वजन द्या.
• व्हिडिओ आणि मोठे डाउनलोड कमी वजनाच्या ग्रुपमध्ये टाका.
• प्रत्येक युजरला मेमरीची मर्यादा घाला.
• वापर न होणारे सेशन ठरावीक वेळेनंतर बंद होतील असं सेटिंग ठेवा.
• शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी सगळे स्क्रीन एकदम चालवून पाहा.

तंत्रज्ञ आकडे भरून देईल. पण कुणाचं काम आधी, हे मशीन ठरवत नाही; ते कमिटीने ठरवायचं असतं. आमचं म्हणणं इतकंच की हा नियम आधी ठरवा, लिहून भिंतीवर लावा, आणि ट्रस्टींच्या घरच्या मुलालाही तोच लागू करा. फॉर्म राहिला तर एका मुलीचं वर्ष जाऊ शकतं. व्हिडिओ उद्याही होईल.