शक्तिशाली लॅपटॉप : खरेदीपूर्वीचा हिशोब

वरणगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा अनेकदा 45 अंशांच्या घरात जातो. लॅपटॉपचे बहुतेक उत्पादक मात्र वापरासाठी सुमारे 35 अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानतात. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखडे किंवा गेम यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा महागडा लॅपटॉप घेतला, तरी अति तापल्यावर तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच ऐन उन्हाळ्यात हाती लागत नाही.

दुसरी बाब घसाऱ्याची. आयकर नियमांमध्ये व्यवसायातील संगणकासाठी घसाऱ्याचा दर 40 टक्के आहे. त्यानुसार 1,00,000 रुपयांच्या यंत्राची किंमत दोन पूर्ण वर्षांनंतर वहीत 36,000 उरते. 18 टक्के जीएसटीचे क्रेडिट नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास केवळ व्यवसायातील वापरापुरते मिळते. मुलांच्या खेळाचा भाग त्यात धरता येत नाही.

पेढीच्या बिलांना आणि हिशोबाला साधा संगणक पुरतो. जड काम एकाच जागी होत असेल, तर डेस्कटॉप सोयीचा. त्यात हवा खेळती राहते आणि रॅम वा कार्ड पुढे बदलता येते. अभियांत्रिकी किंवा ॲनिमेशन शिकण्यास पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलामुलींसाठी मात्र शक्तिशाली लॅपटॉपचा खर्च सार्थ ठरतो. तो गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि पंख्याच्या जाळीतील धूळ वेळोवेळी काढून घ्यावी.